जिथं फुली, तिथं सही

पतसंस्थेच्या काउंटरवर माझ्या ड्रॉवरमध्ये एक पेन्सिल कायम टोक काढून ठेवलेली असायची. कर्जाच्या अर्जावर, वचनचिठ्ठीवर, जामीनपत्रावर जिथं जिथं सही लागते तिथं बारीक फुली मारायची आणि कागद पुढं सरकवायचा. "फुली आहे तिथं करा." माणसं सही करायची, पेन खाली ठेवायची आणि निघून जायची. 19 वर्षं हे काम मी मन लावून केलं. माझ्या हातचा एकही कागद सही राहिली म्हणून ऑडिटमध्ये परत आला नाही, आणि याचा मला अभिमान होता.

2020 च्या दिवाळीनंतर एक गृहस्थ काउंटरवर आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, डोक्याला टोपी, हातात 101 ची नोटीस. सहकारातल्या लोकांना हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम 101, थकबाकीच्या वसुलीचा दाखला. त्यांनी पुतण्याला जामीन दिला होता. पुतण्या गाव सोडून गेला होता आणि नोटीस काकांच्या दारात आली होती. ते चिडले नव्हते. त्यांनी नोटीस माझ्यापुढं ठेवली आणि विचारलं, "बाई, तुम्हीच फुली मारलीती न्हवं? सही करा म्हणालाता. ह्यात काय लिवलंय ते आता तरी सांगा."

मी नोटीस वाचून दाखवली. मग त्यांचं जामीनपत्र काढलं. 19 वर्षांत तो छापील मजकूर मी अर्धवटसुद्धा वाचलेला नव्हता, हे मला त्यांच्यासमोर उभं राहून कळलं. कर्जदारानं भरलं नाही तर जामीनदार तितक्याच रकमेला जबाबदार. भारतीय करार अधिनियम, 1872, कलम 128. हे कलम मी नंतर शिकले. त्या दिवशी फक्त एवढं दिसलं, की दीडशे वर्षं जुना एक नियम त्या कागदात बसलेला होता आणि आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. ते सही करणारे होते आणि मी सही दाखवणारी.

त्या रात्री मी घरी सांगितलं, मला कायदा शिकायचाय.

अहोंनी वय काढलं नाही, फीचं विचारलं. मुलगी तेव्हा अकरावीत होती, तिनं मोबाईलवर सगळं शोधून दिलं. पदवीधरांसाठी तीन वर्षांचं एलएलबी असतं. माझ्यासारखीला पदवीला किमान 45 टक्के लागतात. वरच्या वयाची अडचण नव्हती. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, ती 2016 पासून सुरू आहे. पेपर इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत असतो. हे शेवटचं वाक्य मी तिला परत वाचायला लावलं. बारावीनंतर पाच वर्षांच्या कोर्ससाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची जी क्लॅट असते ती इंग्रजीतूनच होते, आणि तिथं चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. माझ्या परीक्षेत चुकलं तर काही कापत नव्हते. तेव्हा 150 प्रश्न असायचे, 2 तास. कायदेविषयक कल 30, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी 40, तर्क 30, इंग्रजी 50. मुलीनं गणित घातलं: एका प्रश्नाला 48 सेकंद.

48 सेकंदांत मी काउंटरवर चार सह्या घेत होते.

अभ्यास जानेवारीत सुरू झाला. रात्री साडेदहाला ओटा आवरून झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचं. इंग्रजीनं फार दमवलं. बी.कॉम. होऊन 20 वर्षं झाली होती. परिपत्रकातलं इंग्रजी मला कळायचं, पण उतारा वाचून लेखकाचा रोख ओळखायचा म्हटलं की डोळे ओळीवरून घसरायचे. मुलगी रोज एक उतारा मोठ्यानं वाचून घ्यायची. लहानपणी मी तिच्याकडून बाराखडी वाचून घेतली होती त्याच टेबलावर. माझं अडलं की ती गप्प राहायची, शब्द सांगून टाकायची नाही. शिकवणाऱ्यात हा संयम असावा लागतो, तो तिच्यात कुठून आला मला माहीत नाही.

सामान्य ज्ञानाला वही केली. शाहू महाराजांच्या गावात काही तारखा पाठ कराव्याच लागत नाहीत. 26 जुलै 1902, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना 50 टक्के जागा. 1917, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. त्याच महाराजांनी अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या, हे मात्र मला तोवर ठाऊक नव्हतं. ते वाचल्यावर मी बराच वेळ थांबले. शाळा काढणं समजतं, वसतिगृह काढणं समजतं. पण सनद देणं म्हणजे, जो कागद आजवर तुमच्यावर चालत आला तो आता तुम्ही चालवा, असं म्हणणं. दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्याजवळून जाताना आजही मला आधी तीच गोष्ट आठवते.

कायदेविषयक कलाचा भाग मला सोपा जाईल असं वाटलं होतं. शब्द ओळखीचे निघाले ना! वादी, प्रतिवादी, प्रतिफल, ऋणको, धनको. 'अज्ञान' म्हणजे 18 वर्षांखालचा, हे तर शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं, कारण सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहिलेलं असतं, अज्ञान पालक कर्ता. अज्ञानानं केलेला करार मुळातच रद्दबातल, हा 1903 सालचा मोहरीबीबीचा निकाल मला एका वाचनात पाठ झाला. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावापुढं ए.कु.मॅ. होतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. लहानपणी मला वाटायचं आजोबा कुठल्यातरी कंपनीत मॅनेजर आहेत.

पण गुण पडेनात. 30 पैकी 13, 14. सरावाच्या प्रश्नांत आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग वस्तुस्थिती, मग चार पर्याय. सूचना अशी, की दिलेलं तत्त्व खरं मानायचं आणि तेवढंच लावायचं. तुम्हाला ते पटतं का, हे कुणी विचारलेलं नसतं. माझी तिथंच गाडी अडायची.

जूनमधली एक रात्र मला तारखेशिवाय पण पूर्ण आठवते. प्रश्न असा होता. तत्त्व: करारावर सही करणारी व्यक्ती त्या कराराने बांधली जाते, मग तिने तो वाचलेला असो वा नसो. वस्तुस्थिती: एक बाई उपाहारगृह चालवते. तिनं एक यंत्र विकत घेतलं, कागदावर न वाचता सही केली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की यंत्र बिघडलं तर विक्रेता जबाबदार नाही. यंत्र बिघडलं. बाईला दाद मिळेल का?

मी 'मिळेल, कारण तिला अट समजावून सांगितली नव्हती' हा पर्याय निवडला. उत्तरसूचीत होतं, 'मिळणार नाही'. मी मुलीशी वाद घातला. बाईनं विश्वास ठेवला होता, विक्रेत्याला सगळं ठाऊक होतं, मग चूक कुणाची? मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर ठरवतेस. त्या बाईला जिंकवायचं असं ठरवूनच खाली उतरतेस. वरची ओळ वाचतच नाहीस."

वरची ओळ मी परत वाचली. खरोखरच पहिल्या वेळी ती मी वाचली नव्हती, डोळ्यांखालून घातली होती. त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती एक गुण गेला म्हणून नव्हे. मला 2006 साल आठवत होतं.

2006 च्या पावसाळ्याच्या तोंडावर आण्णा, माझे वडील, गेल्याला चार महिने झाले होते. भावानं फोन केला, "आक्का, सही लागंल, दुय्यम निबंधकांकडं यावं लागंल." गेले. दस्तलेखकानं पाच पानं पुढं ठेवली. प्रत्येक पानावर खाली फुली. सह्या केल्या, अंगठा दिला, फोटो काढला. बाहेर येऊन सगळ्यांनी भजी खाल्ली, चहा घेतला. हक्कसोडपत्र आहे हे मला माहीत होतं. बहिणी हक्क सोडतात, तसा मी सोडला. माहेर तुटू नये म्हणून आमच्याकडं बायका जे करतात त्यात ही एक गोष्ट असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण बोललं की वाकडं दिसतं. मी पंधरा वर्षांत तिच्याबद्दल मनातसुद्धा बोलले नव्हते.

मग पूर आला. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. 2021 च्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पावसानं धरलं ते सोडेना. पुराच्या दिवसांत कोल्हापुरात एकच चौकशी असते, राजाराम बंधाऱ्याला किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका. 2019 ला आम्ही उशीर केला होता आणि गुडघाभर पाण्यातून निघालो होतो, म्हणून यावेळी आधीच आवराआवर केली. वर ठेवता येईल ते माळ्यावर टाकलं, गादी कपाटावर, गॅस बंद. मी कागदपत्रांची पत्र्याची पेटी उचलली आणि राजारामपुरीत नणंदेकडं गेलो. बंधाऱ्याची पातळी पन्नास फुटांच्या पुढं गेली. सीईटीच्या वह्या गडबडीत खालच्या फळीवर राहिल्या, त्यांचा लगदा झाला. सहा महिन्यांची अक्षरं गेली.

नणंदेकडं पाच दिवस वीज येत-जात होती आणि वाचायला काही नव्हतं. मुलगी म्हणाली, परीक्षा पुढं ढकललीय, पण तुझी सवय मोडेल, काहीतरी वाच. मी पेटी उघडली. वरच ते पाकीट होतं. हक्कसोडपत्राची प्रत.

पाच पानं. मी ती सीईटीचा उतारा वाचावा तशी वाचली, ओळीखाली बोट ठेवून. कोण लिहून देणार, कोण लिहून घेणार. मिळकतीचं वर्णन, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. पूर्वेच्या बाजूला ओढा लिहिला होता, तिथं आम्ही लहानपणी खेकडे धरायचो. पुढं, सदर मिळकतीवर माझा व माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही. 'माझ्या वारसांचा'. वारस समोर पंख्याखाली झोपली होती. आणि शेवटच्या पानावर, सहीच्या बरोबर वर: सदरचा दस्त मी वाचून, समजून-उमजून, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला असे.

वाचून. त्या शब्दाच्या खालीच माझी सही होती.

पूर ओसरल्यावर चिखल काढण्यात पंधरा दिवस गेले. मग नवी वही केली आणि चालू घडामोडींत एक नोंद केली, ती मला आजही पाठ आहे. 11 ऑगस्ट 2020, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, सर्वोच्च न्यायालय: मुलगी जन्मानंच सहदायाद असते, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार, मग हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असोत वा नसोत. आणि महाराष्ट्रानं तर हा हक्क 1994 मध्येच दिला होता, त्यानंतर लग्न झालेल्या मुलींना. माझं लग्न 2002 चं. म्हणजे दस्तलेखकासमोर बसले होते तेव्हा दोन-दोन कायदे माझ्या बाजूला उभे होते आणि 2005 च्या दुरुस्तीला तर वर्षही पूर्ण झालं नव्हतं. मला ते ठाऊक असतं तर मी सही केली नसती का? मी हा प्रश्न स्वतःला खूप वेळा विचारला आहे आणि प्रामाणिक उत्तर असं, की बहुतेक केलीच असती. पण मग ती मी दिलेली गोष्ट झाली असती. आता ती माझ्याकडून गेलेली गोष्ट आहे. दस्त रद्द करून मागायची मुदत 3 वर्षांची असते, तीही मी शोधली. कोर्टात जायचं मनात नव्हतं. मला फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर उत्तरसूचीप्रमाणं बघायचं होतं.

राखी पौर्णिमेला भाऊ आला. पुरानंतर भिंतींना अजून ओल होती. ओवाळून झाल्यावर मी त्याला विचारलं, "तो दस्त तू वाचलावतास का रे?"

तो बराच वेळ ताटातल्या करंजीकडं बघत राहिला. "न्हाई गं आक्का. मला बी फुलीच दावली हुती. मामा म्हणालं, असंच असतंय." मग म्हणाला, "काय हाय त्यात?"

मी पेटीतून पाकीट काढलं आणि आम्ही दोघांनी तो दस्त वाचला. ओढ्याच्या ओळीला तो हसला. वारसांच्या ओळीला त्यानं मान खाली घातली. त्यानंतर आमच्यात या विषयावर बोलणं झालं, अजूनही होतं, पण ते आमच्या दोघांचं आहे, इथं लिहीत नाही.

तेव्हापासून कायदेविषयक कलाच्या भागात मी बोट खाली ठेवून वाचायला लागले. आधी तत्त्व. त्यात काय म्हटलंय आणि काय म्हटलेलं नाही. मग वस्तुस्थिती. माझं मन जिकडं ओढ घ्यायचं तिकडं जाऊ द्यायचं, पण पेन उचलायचं नाही. गुण 13 वरून 21, मग 24. तयारी कशी केली असं कुणी विचारलं की लोकांना पुस्तकाचं नाव हवं असतं. पुस्तकं बाजारात मिळतात तीच मी आणली होती. वेळ लावून सोडवलेले सराव पेपर उपयोगी पडले, दर रविवारी सकाळी एक. आणि ज्या प्रश्नाला चुकले त्याच्या शेजारी मी 'का चुकलं' हे एका ओळीत लिहायची. त्या ओळी नंतर वाचल्या तर दहांतल्या सात ठिकाणी एकच शब्द होता: घाई.

परीक्षा ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली, शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. तोंडाला मास्क, हातात पारदर्शक बाटली. रांगेत माझ्या पुढं-मागं माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोरं. एकीनं मला विचारलं, "काकू, तुमचं कोण आत गेलंय?" मी हॉलतिकीट दाखवलं. ती लाजली आणि मग तिनं माझा हात घट्ट दाबला. तिचं नावही मी विचारलं नाही, पण त्या हाताचा मला त्या दिवशी फार आधार झाला.

कॉम्प्युटरची भीती नव्हती, दिवसभर तेच काम. भीती वेगळीच आली. चाळीसेक मिनिटांनी इंग्रजीच्या एका उताऱ्यात मी अडकले. तेच वाक्य चार वेळा वाचलं आणि शब्द नुसते समोर उभे राहिले, आत येईनात. छातीत धडधड. घड्याळात बघितलं तर सहा मिनिटं गेली होती, म्हणजे सात-आठ प्रश्न. मी डोळे मिटले. नणंदेच्या घरातल्या त्या संध्याकाळसारखं बोट उचललं आणि स्क्रीनवरच्या ओळीखाली धरलं. पर्यवेक्षिका बाई बघत होत्या, त्यांनी काही म्हटलं नाही. उतारा सोडून दिला, पुढं गेले, शेवटी परत आले. शेवटच्या दोन मिनिटांत 9 प्रश्न उरले होते. चुकीला गुण कापत नव्हते म्हणून सगळ्यांना काहीतरी उत्तर दिलं. त्या 9 उत्तरांत वाचन नव्हतं, आणि त्याची चुटपुट परत येताना बसमध्ये तावडे हॉटेलपर्यंत मनात होती.

निकाल लागला, कॅप राऊंड झाले, प्रवेश मिळाला. सकाळी कॉलेज, मग पतसंस्था. पहिल्या वर्षी कराराच्या तासाला सरांनी लेस्ट्रेंज विरुद्ध ग्रॉकॉब हा 1934 चा इंग्लंडमधला निकाल शिकवायला घेतला. वेल्समध्ये एक बाई कॅफे चालवायची. सिगारेट विकणारं यंत्र तिनं घेतलं, तपकिरी कागदावरचा बारीक मजकूर न वाचता सही केली, यंत्र बिघडलं, बाई हरली. मला टेबलावरची ती जूनची रात्र दिसली. प्रश्न खरा होता! ती बाई खरी होती. वर्गात सगळे लिहून घेत होते आणि मी नुसती बसून राहिले.

2024 ला एलएलबी झाले. सनद अजून घेतलेली नाही. पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही, आणि घराच्या कर्जाचे हप्ते दोन वर्षं आहेत. 18 ऑगस्ट 2025 ला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज इथं भाऊसिंगजी रोडवर सुरू झालं. इतकी वर्षं सहा जिल्ह्यांतली माणसं कागदांची पिशवी घेऊन मुंबईची रात्रीची गाडी धरायची. बेंच सुरू झाल्याच्या आठवड्यात मी मुद्दाम त्या रस्त्यानं चालत गेले. गेटबाहेर एक म्हातारं जोडपं पायरीवर बसलं होतं, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. सकाळी घरातून जेवून निघालेली माणसं वाटली. तेव्हापासून ओळखीतल्यांच्या मुली सीईटीचं विचारायला घरी येतात. मी त्यांना माझ्या वेळचं 48 सेकंदांचं गणित सांगते आणि आधी घरातला एखादा दस्त वाचून यायला सांगते. काही परत येतात, काही येत नाहीत.

काउंटरवर आता मी फुली मारत नाही. जामीनपत्रातला कलम 128 चा अर्थ सांगणारा परिच्छेद वाचून दाखवते, मग पेन देते. रांग लांबते. साहेबांनी दोनदा बोलावून सांगितलं. तिसऱ्यांदा ते स्वतः काउंटरजवळ उभे राहून ऐकत होते, काही बोलले नाहीत.

परवा सत्तरीच्या एक मावशी आल्या होत्या, शेजारच्या पोराच्या रिक्षाच्या कर्जाला जामीन म्हणून. अंगठा उठवणार होत्या. पोरगं घाईत होतं, शाईचा पॅड त्यानंच उघडला. मी परिच्छेद वाचला, मग साध्या शब्दांत परत सांगितला.

मावशी म्हणाल्या, "म्हंजे ह्यानं न्हाई भरलं तर माझ्या गळ्यात?"

"व्हय मावशी. सगळी रक्कम."

त्यांनी त्या पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं. पदरानं अंगठा पुसला, अजून शाई लागलेली नव्हती तरी. "उद्या येतो बाई," त्या म्हणाल्या, "लेकाला इचारून." आणि पिशवी उचलून हळूहळू जिना उतरायला लागल्या.